मसाजची खुर्ची आणि खाल्लेला ‘कु’

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा आलाच आहे, तुम्ही सगळे आपलेच आहात, आणि मुख्य म्हणजे मी या घडीला सरळ बसलेलो आहे. पाठीला उशी नाही, कमरेवर हात नाही, चक्क सरळ! या आनंदात सांगून टाकतो. फक्त हसायचं असेल तर इथंच हसून घ्या. दुकानात येऊन हसू नका. दुकानात माझी अजून थोडी इज्जत शिल्लक आहे.

तर आदिलाबादेत माझं भांड्यांचं दुकान. तीस वर्षं झाली. गंज-पातेली, पराती, कुकर, पाणी भरायचे पितळेचे गुंड, लग्नात द्यायचे मोठाले सेट, हे सगळं मी एकटा वरून खाली आणि खालून वर करत आलो. इतक्या वर्षांत कमरेनं कधी चकार शब्द काढला नाही. आणि दगा दिला तो कधी? एक चमचा उचलताना! पितळी गुंड असता तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. स्टीलचा चहाचा चमचा हो! हातातून निसटला, गिऱ्हाईक बाईच्या पायाशी पडला, मी वाकलो, आणि कमरेत अशी सणसणीत चमक निघाली की मी वाकलेला तो वाकलेलाच राहिलो.

बाई घाबरून दोन पावलं मागे सरकल्या.

“अवो भाऊ, पाया कायले पडून राह्यले? घेतो ना मी कुकर!”

कुकर विकला गेला, पण मी काही सरळ झालो नाही.

घरी बायकोनं, म्हणजे सुमननं, चार दिवस तेल लावलं, गरम विटेचा शेक दिला, निर्गुडीचा पाला बांधला. घरभर वास, पण दुखणं जागच्या जागी. बसलो की उठवत नव्हतं, उठलो की बसवत नव्हतं. चप्पल घालायची म्हटलं तरी भिंतीचा आधार घ्यावा लागे.

आणि अशा वेळी नामदेवभाऊ आला नाही असं कधी झालंय? नामदेवभाऊ म्हणजे माझ्या शेजारच्या हार्डवेअर दुकानाचा मालक. माणूस जिवाला जीव देणारा, पण आधी जीव खाऊन घेतो. आला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि एखाद्याच्या घरी सांत्वनाला आल्यासारखा खुर्ची ओढून बसला.

“मणका दिसते,” तो म्हणाला.

“असेल.”

“मणका म्हटला का ऑपरेशनच.”

“नाही रे बाबा, उसण भरली आहे नुसती.”

“माझा साडभाऊबी असाच म्हणे, उसण हाय, उसण हाय. गेला नागपूरले, चिरली पाठ, आता दोन सालापासून खाटीवर हाय बिचारा. पाणीबी हातात द्या लागते.”

मी वरवर हसण्यावारी नेलं खरं. मी सुईलाही घाबरणारा माणूस. मुलगी पुण्याला, दुकानात दुसरं कोणी नाही. दुकान चालतं ते माझ्या या एका कमरेवर. ती चिरली आणि मी खाटेला लागलो, तर शटर कोण उघडणार? सुमन काय करणार? नामदेवभाऊ गेल्यावरही डोक्यात तोच साडभाऊ, म्हणजे त्याचा साडू, खाटेवर पडून होता. कमरेपेक्षा त्या ऑपरेशनच्या विचारानंच मी जास्त वाकलो.

आता इलाज काय करायचा, यावर घरात दोन पक्ष पडले.

सुमनचं म्हणणं, बसस्टँडकडे नवीन फिजिओथेरपीचा दवाखाना निघालाय, तिथं चला. “शिकलेली डॉक्टर पोरगी हाय म्हणतात. हात लावून पाहाते, शेक देते, व्यायाम सांगते.”

नामदेवभाऊचं म्हणणं, कायले दवाखाना? फर्निचरच्या मोठ्या दुकानात मसाजची खुर्ची आली आहे, ती घरी आणा. “बसाचं, बटन दाबाचं, डोळे मिटाचे. सुई नाई, गोळी नाई, डॉक्टरबी नाई! दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला का ते ऑपरेशनवरच नेऊन पोचवतात.”

तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या भित्र्या माणसाचा कल कुठं जाणार? मी त्या दुकानात जाऊन खुर्ची पाहूनही आलो. तिथला सेल्समन म्हणाला, “बैठिए तो सही, अंकल!” मी बसलो, आणि काय सांगू! पाठीवर आतून चार हात फिरत होते, पोटऱ्या कोणी चेपत होतं, डोक्याखाली मऊ उशी. पंधरा मिनिटांनी त्यानं मला हलवून जागं केलं. वर सांगतो कसा, “दस दिन घर में रखिए. नहीं जमा तो वापस.”

पण सुमन ऐकेना. शेवटी मी मधला मार्ग काढला. म्हटलं, आपण त्या डॉक्टरलाच विचारू. खुर्ची आणू की नको, ती म्हणेल ते करू. इतकी समजूतदार गोष्ट मी आयुष्यात क्वचितच केली असेल. आणि तिथंच घात झाला.

घात कशानं झाला? माझ्या तेलुगूनं!

हसू नका, आधी ऐका. आमचं गाव तेलंगणातलं, पण महाराष्ट्राला लागून, त्यामुळे गिऱ्हाईक तिन्ही तऱ्हेचं. मराठी येतं, तेलुगू येतं, उर्दू बोलणारं येतं. मी शिकलो मराठी शाळेत, पण दुकानानं मला तेलुगू शिकवली. ‘रान्ड्री’ म्हणजे या. ‘कूसोन्ड्री’ म्हणजे बसा. ‘एक्कुवा’ म्हणजे जास्त, ‘तक्कुवा’ म्हणजे कमी. आकडे येतात, ‘नडुमु’ म्हणजे कंबर हे येतं, ‘नोप्पि’ म्हणजे दुखणं हे येतं. एवढ्या भांडवलावर मी तीस वर्षं भांडी विकली. दिवसातून शंभर वेळा मी दुकानाच्या तोंडाशी उभा राहून ओरडतो, “रान्ड्री, कूसोन्ड्री!” त्यामुळे माझा ठाम समज होता की मला तेलुगू येते.

सुमनचं माहेर तलमडुगुकडचं. लहानपणापासून तेलुगू शेजाऱ्यांत वाढलेली, तिची तेलुगू पाण्यासारखी. मी तेलुगू बोलू लागलो की ती तोंडाला पदर लावते. मला इतकी वर्षं वाटत होतं, कौतुकानं लावते.

दवाखान्याच्या दारावर पाटी तेलुगूत. आत डॉक्टर पोरगी फोनवर फडफड तेलुगू बोलत होती. मी सुमनला म्हटलं, “तू बाहेरच बस. मी बोलतो.”

“मी येतो ना संगं. तुमाले समजंल का?”

“म्हणजे? माझी तेलुगू काय आजची आहे?”

ती बाकावर बसली. मी आत गेलो, दोन्ही हात जोडले आणि एका दमात सुरू केलं, “नमस्कारम अम्मा! ना नडुमु नोप्पि!”

म्हणजे माझी कंबर दुखते. पोरगी छान हसली. मला उताणं निजवलं, पालथं निजवलं, पाय वर उचलून पाहिले, तेलुगूत काहीबाही विचारलं. मी समजेल तिथं ‘हां’ म्हटलं आणि नाही समजलं तिथं जास्त जोरात ‘हां’ म्हटलं. शेवटी मी मुद्द्यावर आलो. खुर्चीला तेलुगूतही कुर्चीच म्हणतात, तेव्हा अडचण नव्हती. मी हातानं पाठ चेपल्याची खूण केली आणि विचारलं, “कुर्ची? मसाज कुर्ची? मंचिदा?” म्हणजे, चांगली का?

तिनं मान हलवली आणि लहान मुलाला सांगावं तसं सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. तो अख्खा मजकूर मला आजही पाठ आहे.

“नरम पट्टिंदि. कुर्चील एक्कुवा कूसोकुन्ड्री. रोजु नडवन्ड्री. पदि रोजुलु रान्ड्री.”

आहा! शब्दन् शब्द समजला हो! नरम, म्हणजे नरमच. कुर्ची, म्हणजे खुर्ची. एक्कुवा, जास्त. कूसोन्ड्री, बसा. रोजु, रोज. नडवन्ड्री, हे काहीतरी नडुमुचं, म्हणजे कमरेसाठी. पदि रोजुलु रान्ड्री, दहा दिवसांनी या. झालं की! नरम खुर्चीत जास्त वेळ बसा, रोज, कमरेसाठी, आणि दहा दिवसांनी दाखवायला या. सुई नाही, ऑपरेशनचं नावही नाही. मी तिला असे काही हात जोडले की ती बिचारी खुर्चीतून अर्धी उठली.

बाहेर येऊन मी सुमनला बातमी दिली.

“डॉक्टर म्हणते, खुर्चीच बरी!”

“अशी कशी म्हणंल? मंग ते दवाखाना कायले टाकून बसली?”

“प्रामाणिक आहे पोरगी! सगळे नामदेवभाऊच्या साडभावाच्या डॉक्टरसारखे नसतात.”

“थांबा, मले पुसू द्या एकडाव.”

“काही गरज नाही! माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

तीस वर्षांत सुमन माझ्यापुढं पहिल्यांदा गप्प बसली, आणि तीही नेमकी नको त्या वेळी.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून खुर्ची आली. चौघांनी मिळून उतरवली. दारातून जाईना, तेव्हा दाराची एक फळी काढली. बैठकीतला दिवाण मागच्या खोलीत गेला, टीव्ही कोपऱ्यात गेला, आणि मधोमध ही काळी कुळकुळीत, चकचकीत, डोक्यापासून टाचेपर्यंत गादी असलेली खुर्ची बसली. तिच्यापुढं आमचं घरच बिचारं पाहुणं आल्यासारखं दिसू लागलं.

डॉक्टरनं ‘एक्कुवा’ म्हटलेलं. मी आज्ञाधारक रोगी. सकाळी एक घंटा, दुपारी एक घंटा, संध्याकाळी एक घंटा. दुकानात सुमन बसू लागली. चालणं जवळपास बंद. बाजारात जायचं तर ऑटो, समोरच्या पानठेल्यावर जायचं तरी मी पानवाल्यालाच हाक मारून घरी बोलावू लागलो. डॉक्टरनं बसायला सांगितलंय, मग उगीच चालून अवज्ञा कशाला करायची?

गल्लीत बातमी फुटायला किती वेळ लागतो? पहिल्या दिवशी शेजारच्या दोघी आल्या. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी आपल्या सुनेला घेऊन आली आणि म्हणाली, “पाहू द्या वं बाप्पा, हे मशीन कसं हाय तं!” बसली, बटन दाबलं, खुर्चीनं आतून ढुशी दिली, आणि म्हातारी किंचाळली, “अवं माय! आत माणूस हाय!”

तिला पटवता पटवता नाकी नऊ आले की आत माणूस नाही. सुमनला दुकानातून घरी येऊन येऊन रोज पंचवीस कप चहा करावा लागत होता. तिचा चेहरा दिवसागणिक लाल होत होता, पण माझं लक्ष नव्हतं. माझं लक्ष कमरेकडं.

आणि कंबर? कंबर जास्तच दुखू लागली. आता डाव्या पायात मुंग्याही येऊ लागल्या.

मी नामदेवभाऊला सांगितलं. तो म्हणाला, “मुरलेलं दुखणं हाय. ते आता बाहेर निघून राह्यलं.”

“पायातून?”

“मंग? कुठून तरी निघंलच ना!”

मला पटलं. माणूस घाबरलेला असला की त्याला काहीही पटतं, फक्त त्यात ऑपरेशन हा शब्द नसावा. मी एक घंट्याचे दीड घंटे केले.

नववा दिवस. दुपारची वेळ, समोर ती म्हातारी धरून चार-पाच बायामाणसं बसलेली, आणि मी त्यांना खुर्चीची सगळी बटनं दाखवत होतो. शेवटचं बटन दाबलं की खुर्ची पूर्ण मागे कलते, डोकं खाली, पाय वर, आणि पोटऱ्यांना दोन्हीकडून हवेच्या पिशव्या आवळून धरतात. दाबलं. खुर्ची कलली. पिशव्या आवळल्या. मी छताकडं पाहत म्हटलं, “आता बघा, पुढची गंमत…”

आणि लाईन गेली!

पंखा बंद, खुर्ची बंद. मी जागच्या जागी. पाय छताकडं, डोकं जमिनीकडं, दोन्ही पोटऱ्या पकडलेल्या. बटन दाबतो, काही नाही. पाय ओढतो, कमरेतून कळ थेट मेंदूत.

“आता पुढची गंमत काय हाय?” म्हातारीनं विचारलं.

“लाईन येईस्तोवर हीच,” मी म्हटलं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. लोकांनी आत जाऊन चहा करून घेतला, मला मिळाला नाही, कारण उलट्या डोक्यानं चहा पिता येत नाही. कोणीतरी फोन करून आलं, तारेवर फांदी पडली आहे, दोन-तीन घंटे लागतील. सुमन दुकानातून धावत आली. तिनं मला पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की हे कौतुक नसावं.

मग नामदेवभाऊ आला. त्यानं बाह्या सरसावल्या.

“धरा रे! तुमी पायाकडून, मी खांद्याकडून! एक, दोन…”

तीन म्हणायच्या आत त्यानं ओढलं. पायाकडच्यांनी त्यांच्या बाजूला ओढलं. पिशव्या सुटल्या, मी सुटलो, पण कमरेत पुन्हा तशीच सणसणीत चमक निघाली. जमिनीवर मी आडवा पडलो आणि उठायचं म्हटलं तर उठता येईना. डावा पाय माझा आहे की दुसऱ्याचा, कळेना. मनात एकच विचार, झालं! आता नागपूर, आता पाठ चिरणार, आता खाट, आता पाणी हातात. सुमनचा हात धरून मी म्हणालो, “दुकानाच्या किल्ल्या फडताळात आहेत.”

“मले माहीत हाय कुठं हायेत ते! चला दवाखान्यात!”

ऑटोत मी मागच्या सीटवर आडवा, माझं डोकं सुमनच्या मांडीवर, नामदेवभाऊ ड्रायव्हरच्या शेजारी. दवाखान्यात त्या दोघांनी मला टेबलावर टाकलं. डॉक्टर म्हणाली, गर्दी नको, बाहेर थांबा. दोघं बाहेर गेले. राहिलो मी, ती, आणि आमची तेलुगू.

“एमैंदि?” तिनं घाबरून विचारलं. म्हणजे, काय झालं?

मी मलूल आवाजात म्हटलं, “कुर्ची…”

“कुर्चील कूसुन्नरा?” बसलात?

अशाही अवस्थेत माझी छाती फुगली हो! मी तीन बोटं वर केली. “रोजु! मूडु गंटलु!” रोज, तीन घंटे!

तिनं कपाळाला हात लावला. “कूसोकुन्ड्री अनि चेप्पिन कदा!” म्हणजे, सांगितलं होतं ना!

“हां हां!” मी म्हटलं. “कूसोन्ड्री, कूसोन्ड्री!”

ती उभी होती. तिला वाटलं, मी तिलाच बसा म्हणतोय. ती बिचारी स्टूल ओढून बसली.

शेवटी तिनं बोलणं सोडून दिलं, मला कुशीवर वळवलं आणि कमरेवर नेमक्या जागी अंगठा दाबला.

आता मला सांगा, अशा वेळी माणूस कुठल्या भाषेत ओरडतो?

“अवं माय वंऽऽ! मेलो वं सुमनऽऽ! धाव वंऽऽ!”

अंगठा जागच्या जागी थांबला. मग पाठीमागून आवाज आला, स्वच्छ, गोड, घरच्यासारखा.

“काका… तुमी मराठी?”

मी मान वळवण्याचा प्रयत्न केला. “हो. आणि तुमी?”

“मी इकडच्याच, जवळच्या मुधोळची. आमच्या घरी सगळे मराठीच बोलतात.”

“मंग माझ्यासंगं तेलुगू काऊन बोलून राह्यल्या?”

“अवो काका, तुमीच सुरू झाले! दारातूनच ‘नमस्कारम अम्मा’ करत आले! मला वाटलं, तेलुगूच माणूस हाय!”

तेवढ्यात माझी आरोळी ऐकून सुमन धावत आत आली. आत पाहते तर मी टेबलावर रडतोय, डॉक्टर स्टुलावर पोट धरून हसतेय. मग डॉक्टरनं मला मराठीत सांगितलं, पहिल्या दिवशी ती काय म्हणाली होती ते.

‘नरम’ म्हणजे तेलुगूत नस. नरम पट्टिंदि, म्हणजे नस आखडली आहे. ‘नडवन्ड्री’ म्हणजे चाला. ‘पदि रोजुलु रान्ड्री’ म्हणजे दहा दिवस रोज इलाजाला या. आणि ती ‘कूसोन्ड्री’ म्हणालीच नव्हती, ती म्हणाली होती ‘कूसोकुन्ड्री’. मधे एक बारीकसा ‘कु’ आहे. तो ‘कु’ असला की अर्थ होतो, बसू नका!

म्हणजे तिनं सांगितलं, खुर्चीत जास्त बसू नका, रोज चाला, दहा दिवस इलाजाला या. आणि मी काय केलं? जास्त बसलो, चालणं सोडलं, आणि दहा दिवस तिकडं फिरकलोच नाही! एक ‘कु’ मी खाल्ला आणि त्या ‘कु’नं माझी कंबर खाल्ली.

पण त्या वेळी मला लाज वाटायलाही फुरसत नव्हती. मी तिचा हात धरला आणि जे तेलुगूत विचारायची हिंमत झाली नव्हती, ते मराठीत विचारलं.

“बाई, खरं सांग. ऑपरेशन करा लागते का? पाठ चिरतात का माझी?”

“ऑपरेशन?” ती म्हणाली. “नाई वो काका! नस दबली हाय, स्नायू आखडले हायेत. वाढवलं तुमीच. आता खुर्ची सोडा, मी सांगतो ते व्यायाम करा, रोज या. मोकळी होते नस. ऑपरेशनचं नावबी काढू नका.”

काय सांगू! पंधरा दिवस जो साडभाऊ माझ्या डोक्यात खाटेवर पडून होता, तो उठला आणि चालता झाला. मी ढसाढसा रडलो. लाज न बाळगता रडलो. सुमननं पदरानं माझं तोंड पुसलं, आणि मग त्याच पदरानं हळूच आपलेही डोळे पुसले. इतके दिवस तीही भ्यायली होती, फक्त बोलली नव्हती.

खुर्ची त्याच दिवशी परत गेली. दाराची फळी पुन्हा बसली. म्हातारीला तेवढं वाईट वाटलं. मी मात्र रोज दवाखान्यात जाऊ लागलो. ती पोरगी शेक द्यायची, पाय ओढायची, गुडघे छातीशी घ्यायला लावायची, आणि हे सगळं मराठीत. तिसऱ्या दिवशी पायातल्या मुंग्या गेल्या. सहाव्या दिवशी मी चप्पल स्वतः घातली. आणि दहाव्या दिवशी घरापासून दवाखान्यापर्यंत पायी गेलो, मधे कुठंही न थांबता. तो रस्ता मी हजार वेळा तुडवला असेल, पण त्या दिवशी मला वाटत होतं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगावं, बघा, मी चालतोय!

त्या शेवटच्या दिवशी सुमन सोबत होती. डॉक्टरनं माझा कागद काढला. आता यावर ‘बरे झाले’ लिहू म्हणाली. लिहिता लिहिता थांबली आणि तिला हसू फुटलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“काका, राग नका मानू. पहिल्या दिवशी तुमी तेलुगू बोलले ना, तवा मी हे लिहून ठेवलं होतं.” तिनं कागद वाचून दाखवला. “बोलताना अडखळतात. शब्द तुटक. सांगितलेलं नीट समजत नाही. लकवा येऊन गेला असावा. डोक्याच्या डॉक्टरला दाखवावे.”

बघा! मी तीस वर्षं ज्याला तेलुगू समजत होतो, ते ऐकून डॉक्टरला लकवा वाटला होता!

“थांबा, हे खोडून टाकतो,” ती म्हणाली आणि पेन उचललं.

तोच सुमननं तिचा हात धरला.

“कंबरेचं खोडा, म्याडम. हे डोक्याचं राहू द्या.”